दारातली भेंडी आणि नाक्यावरचे हार्डवेअर



दारात जागा नाही, मग भाजी लावायची कुठे, असे बऱ्याच जणी आम्हाला विचारतात. या वेळी भेंडीविषयी सांगतो. भेंडीला वाफा लागत नाही, एक बादली पुरते. मात्र भेंडीबरोबर हार्डवेअरच्या दुकानाविषयीही लिहावे लागणार आहे. आमची भेंडी त्या दुकानातूनच उगवली म्हणा ना! तेव्हा दोन्ही विषय एकाच ताटात वाढतो. मिश्रण जरा चिकट झाले तर सांभाळून घ्यावे.

आम्ही कल्याण पूर्वेला चाळीत राहतो. खोलीपुढे चार फुटांचा ओटा आहे. घरात आमच्या सासूबाई आहेत, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. आत्याबाईंचे माहेर आणि सासर दोन्ही परभणी जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात त्या नवऱ्याबरोबर इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. तरी पहिला पाऊस पडला की त्यांचा हात मातीत जायला बघतो. गेल्या वर्षी बाजारातली भेंडी मोडून बघता बघता त्या म्हणाल्या, "ही तर दोरी झाली माय. दारात चार झाडं लाव. भेंडीला लई लाड लागत नाहीत."

ठरले. लागणार काय काय, त्याची यादी केली. पाच कुंड्या, झाडांना आधार द्यायला तार, सुतळी, खुरपे, पाण्याची झारी. आमचा मुलगा म्हणाला, "हायवेला ते नवं मोठं दुकान झालंय, तिथं सगळं एका छताखाली मिळतं." रविवारी रिक्षा करून आम्ही तिघे गेलो. आत्याबाईंनी ठेवणीतले लुगडे नेसले होते.

दुकान कसले, गोदामच! एक रांग नळांची, एक रंगांची, एक दिव्यांची. प्रत्येक वस्तूवर किंमत छापलेली. विचारायला कोणी नाही आणि अडवायलाही कोणी नाही. आत्याबाई सगळीकडे हात लावत फिरल्या. नळ फिरवून बघितले, हातोडी उचलून तोलली, काचेचा दिवा दोन्ही हातांत घेऊन उजेडाकडे धरून बघितला आणि परत जागेवर ठेवला. आम्हाला वाटले, म्हातारीला गंमत वाटते आहे.

आमच्या यादीचे मात्र तिथे काही जमले नाही. कुंड्या होत्या, पण शोभेच्या. एकीची किंमत ३५० रुपये, आणि खोली जेमतेम वीतभर. तार होती, पण मोठ्या रिळात. चार हूक हवे होते, पाकीट पंचवीसचे. खाकी शर्टातल्या मुलाला विचारले, "बाळा, भेंडीला किती खोल कुंडी लागेल?" तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मी लाइटच्या सेक्शनला आहे." खुरपे आणि झारी घेऊन परत निघालो. वस्तूंइतकेच पैसे रिक्षाला गेले.

परतीच्या वाटेवर आत्याबाई खूश होत्या. "हे दुकान बरंय," म्हणाल्या. आम्ही म्हटले, "अहो आत्याबाई, पाहिजे ते मिळालं कुठं?" त्यावर त्या म्हणाल्या, "नसंना का. हात लावला तर कोणी बोललं का तुला?"

आणि मग रिक्षातच त्यांनी ती गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत आम्ही ती ऐकली नव्हती.

१९६३-६४ ची गोष्ट असावी. आत्याबाई दहा-अकरा वर्षांच्या. घरातल्या कंदिलाची काच फुटली म्हणून बापाने त्यांना गावातल्या दुकानात पाठवले. दुकानाच्या पायरीवर चढायचे नाही, खालून ओरडायचे. पैसे पायरीवर ठेवायचे, दुकानदार त्यांच्यावर पाणी शिंपडून मग उचलणार. माल हातात द्यायचा नाही, वरून सोडायचा. काच कागदात गुंडाळून त्याने पायरीवर ठेवली. घरी आणून उघडली तर तिला तळापासून काठापर्यंत तडा! बाप ती घेऊन परत गेला. दुकानदार म्हणाला, "तुमचा हात लागलेली काच मी परत कशी घेऊ?" घेण्याआधी हात लावायची सोय नाही, आणि हात लावल्यावर परत द्यायची सोय नाही. पुढचे कित्येक दिवस घरात चिमणीवर भागवले.

त्या वेळी राज्यघटना लागू होऊन तेरा-चौदा वर्षे झाली होती. घटनेच्या १५ व्या कलमात बाकीच्या सार्वजनिक ठिकाणांबरोबर दुकानांचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. जात, धर्म, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकानात मज्जाव करता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने (१९७६ पासून त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले) अस्पृश्यतेवरून माल विकायला नकार देणे हा गुन्हा ठरवला. शाळेत ते कलम पाठ करताना आम्हाला प्रश्न पडायचा, एवढ्या मोठ्या घटनेत दुकानासारखी बारीक गोष्ट कशाला? कंदिलाच्या काचेची गोष्ट ऐकल्यावर तो प्रश्न उरला नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी आमच्या लक्षात आली. आमच्या नाक्यावर हार्डवेअरचे एक दुकान आहे, जुने. त्या दुकानात आत्याबाईंना आम्ही कधी जाताना पाहिलेच नव्हते. खिळे हवेत, पाठव नातवाला. बल्ब हवा, सांग सुनेला. पाय दुखतात म्हणून असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. पण त्याच पायांनी त्या बाजारात अर्धा मैल जाऊन मासळी आणतात! त्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत, पुढे लाकडी फळी आहे, आणि माल सगळा फळीच्या पलीकडे. मागावे लागते, मग दुकानदार काढून देतो. त्या माणसाने त्यांचे कधी काही वाईट केले नव्हते. पण पायरी ती पायरीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकट्याच त्या दुकानात गेलो. दुकानदार काकांनी यादी ऐकली आणि विचारले, "कुंडी कशाला ताई? किती झाडं लावणार?" मग त्यांनी मागून डिस्टेंपरच्या २० लिटरच्या पाच रिकाम्या बादल्या काढल्या. ५० रुपयांना एक. ड्रिल मशीन लावून प्रत्येकीच्या बुडाला आणि कडेला भोके पाडून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. बाइंडिंग वायर पाव किलो तोलून दिली, ३० रुपये. सुतळी २५. पिवळ्या ऑइलपेंटचा सगळ्यांत लहान डबा ४५. "रंग कशाला?" आम्ही विचारले. म्हणाले, "माझ्या भावाचं शेत आहे. भेंडीवर पांढरी माशी येणार, तेव्हा कामाला येईल." वर कागदावर बोटभर ग्रीस दिले. हिशेब केला तर सगळे मिळून ३५० रुपये, म्हणजे हायवेवरच्या एका कुंडीचे पैसे.

आता लागवडीकडे वळू.

भेंडीचे मुख्य मूळ सरळ खाली जाते. म्हणून भांडे निदान एक फूट खोल हवे, आणि रोप उपटून दुसरीकडे लावणे तिला मानवत नाही. बी जिथे वाढवायचे तिथेच टोचावे. बादली घ्यायची तर पाण्यात कालवायच्या डिस्टेंपरचीच घ्यावी आणि घासून धुवावी. ऑइलपेंट, थिनर किंवा औषध फवारणीचे डबे भाजीला अजिबात नकोत. बुडाला विटांचे तुकडे, वर अर्धी माती आणि अर्धे कुजलेले शेणखत. ओली भरलेली बादली पंचवीस किलोच्या आसपास जाते हे ध्यानात ठेवा. ती सिमेंटच्या पत्र्यावर किंवा जुन्या लाकडी गॅलरीच्या टोकाला ठेवू नका. भेंडी चार महिन्यांची असते, घर जन्माचे.

बी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी लावावे. पाकिटातले बी कधी कधी गुलाबी असते. तो रंग औषध लावल्याची खूण असते. असले बी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, हात साबणाने धुवावेत, उरलेले बी खाण्यात किंवा कोंबड्यांपुढे टाकू नये. बोटाच्या एका पेराइतके खोल, एका बादलीत तीन-चार बिया. चार-सहा दिवसांत कोंब वर येतो. वीतभर झाले की जोमदार दोन रोपे ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटली तर शेजारणीचे मूळ हलते. उन्हाळी भेंडी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत लावतात, पावसाळी जून-जुलैत. थंडीत बी रुसून बसते, उगवतच नाही. ऊन मात्र दिवसाकाठी सहा तास तरी हवे.

जात कोणती लावावी? (जात शब्द इथे तरी नाइलाजाने वापरावा लागतो!) काकांकडे बियाणे नव्हते, ते बाजारातल्या कृषी केंद्रातून आणले. आत्याबाईंचा हट्ट 'परभणी क्रांती'चा होता. आम्हाला वाटले माहेरचे नाव म्हणून, पण कारण पक्के निघाले. पूर्वी 'पुसा सावनी' हे वाण सगळीकडे असे. पुढे ते हळद्या रोगाला बळी पडू लागले. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळे पान पिवळे, मग फळही पांढरट आणि खुरटे. याला केवडाही म्हणतात. रोग विषाणूचा, आणि तो पसरवते पांढरी माशी. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात पुसा सावनीचा एका रानभेंडीशी संकर करून रोगाला दाद न देणारे नवे वाण काढले. तीच ही परभणी क्रांती. इतक्या वर्षांत रोगही थोडा हुशार झाला आहे, म्हणून झाडावर नजर ठेवावीच लागते.

काकांचा पिवळा रंग इथे उपयोगी पडला. डब्याच्या पत्र्याचा हातभर तुकडा पिवळा रंगवला, वाळल्यावर त्यावर ग्रीस फासले आणि झाडांमध्ये टांगला. पांढऱ्या माशीला पिवळा रंग ओढतो, येऊन बसते ती चिकटते. आठवड्याने पुसून पुन्हा ग्रीस लावायचे. मावा किंवा तुडतुडे दिसले तर निंबोळीची भरड ५० ग्रॅम एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारावी. एखादे झाड पूर्ण पिवळे पडले तर माया न करता उपटून टाकावे.

सव्वा महिन्यात फूल आले. फिकट पिवळे, आत गडद जांभळट डोळा. आत्याबाई बघत राहिल्या. "कापसाचंच की," म्हणाल्या. खरेच आहे, कापूस, अंबाडी, जास्वंद आणि भेंडी ही एकाच कुळातली. फूल एकच दिवस उमलते. पुढे पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला तयार. टोक मोडून पाहावे, टचकन मोडले तर कोवळी. एक दिवसाआड तोडलीच पाहिजे. एक जून भेंडी झाडावर राहिली की झाडाला वाटते आपले काम झाले, आणि नवी फुले कमी होतात. तोडताना हाताला बारीक लव खाजते, फडके गुंडाळावे.

दहा झाडांवर काही बाजार भरत नाही, हे कबूल. एका तोड्याला दोन मुठी निघतात. दोन तोडे साठवले की चौघांची एक भाजी.

आता पुन्हा दुकानाकडे. हायवेवरच्या दुकानामुळे नाक्यावरचे दुकान बसेल का, असा प्रश्न आमच्या चाळीत गप्पांमध्ये निघतो. अशा अवाढव्य हार्डवेअर दुकानांचा नमुना अमेरिकेतला. 'होम डेपो' ही कंपनी १९७८ साली अटलांटा शहरात निघाली आणि पुढच्या वर्षी तिची पहिली दुकाने उघडली. तिथे मजुरी महाग. त्यामुळे लोक स्वतःच भिंती रंगवतात, नळ बसवतात, आणि लागणारे सगळे एका ठिकाणी भरून नेतात. हीच कंपनी चीनमध्ये गेली आणि २०१२ साली तिने तिथली उरलेली सातही मोठी दुकाने बंद केली. तिथले लोक हे काम स्वतः करत नाहीत, कारागिराला बोलावतात. आपल्याकडेही तेच नाही का? नळ बिघडला की आपण प्लंबरला हाक मारतो, आणि प्लंबर नाक्यावरच्या दुकानातच बसलेला असतो. भारतात २०१२ साली अनेक ब्रँडचा माल विकणाऱ्या दुकानांत ५१ टक्क्यांपर्यंत परकी भांडवलाला परवानगी मिळाली, तेव्हा किराणा दुकानांवरून केवढा गदारोळ झाला होता! डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला 'आयकिया'चे दालन उघडले. माणसे गेली, बघून आली, कपाटही आणले. पण आमच्या काकांच्या दुकानातली सकाळची गर्दी त्यानंतरही आहे तशीच आहे.

अमेरिकेतच एक वेगळी वाटही आहे. 'एस हार्डवेअर' हे नाव शिकागोत १९२४ साली सुरू झाले आणि १९७० च्या दशकात ती संस्था छोट्या दुकानदारांच्याच मालकीची झाली. दुकाने ज्याची त्याची, पण खरेदी सगळ्यांची मिळून, म्हणून भाव मोठ्यांच्या बरोबरीचा. सहकाराच्या गोष्टी सांगणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात आमचे काका मात्र अजून दर बुधवारी लोकलने मशीद बंदरला उतरतात आणि नागदेवी स्ट्रीटवरून खांद्यावर गोणी आणतात.

अटलांटाचे नाव निघालेच आहे तर सांगतो. ते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मगाव. त्या भागात भेंडी मक्याच्या पिठात घोळवून तळतात, रश्शातही घालतात. ती भाजी तिकडे आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर पोचली. अमेरिकेतल्या 'गम्बो' या रश्शाचे नावही आफ्रिकी भाषांमधल्या भेंडीच्या नावावरूनच आले, असे मानतात. त्याच अटलांटात 'रिचेस' नावाचे भलेमोठे दुकान होते. काळ्या लोकांनी तिथे खरेदी केलेली चाले, पैसे घेत. पण त्याच दुकानाच्या उपाहारगृहात बसून खाऊ देत नसत. विद्यार्थ्यांनी तिथे धरणे धरले, आणि ऑक्टोबर १९६० मध्ये डॉ. किंग यांना त्यांच्याबरोबर अटक झाली. १९६१ साली दुकानांना नमावे लागले. हे आम्ही आत्याबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे मोठं दुकान बी तसंच होतं की!"

नाक्यावरच्या दुकानाची आरती ओवाळायची म्हणून आम्ही हे लिहीत नाही. तिथेही खोट आहे. बिल मागितले की भाव वेगळा, न मागितले की वेगळा. आणि बिल नसेल तर बिघडलेली मोटर परत कोणाच्या गळ्यात घालणार? काही दुकानदार मिस्त्रीला टक्के देतात आणि ते आपल्या बिलात येतात. वायर आणि प्लग घेताना आयएसआयची खूण नसली तर स्वस्तातही घेऊ नका. त्या वायरीवर पोरांची झोप असते. पाकिटावरच्या छापील किमतीपेक्षा जास्त मागितले तर द्यायचे नाही, दुकान लहान असो की मोठे. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

ऑगस्टमधली गोष्ट. पहाटे पाचला पाणी आले आणि स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर गेला. पाणी धो धो. आम्ही कामावर निघालो होतो, मुलगा परीक्षेला. नळाला चिंधी बांधून सगळे बाहेर पडलो. संध्याकाळी येऊन पाहतो तर नळ ठीक! विचारले, "कोणी केला?" आत्याबाई म्हणाल्या, "मीच गेले व्हते."

हळूहळू सगळे बाहेर आले. चिंधी भिजून टपटपू लागली, दुसरे कोणी घरात नव्हते, तेव्हा जुना वॉशर फडक्यात बांधून त्या गेल्या. पायऱ्यांच्या खालीच उभ्या राहिल्या आणि फडके वर धरले. काका म्हणाले, "मावशी, वर या ना, तिथं उन्हात का उभ्या?" त्या वर चढल्या. काकांनी तीन मापांचे तीन वॉशर त्यांच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "जुन्याला लावून बघा, कोणता बसतो. नाही बसला तर परत आणा, बदलून देतो." त्यांनी एकेक लावून बघितला. मधला बसला. पाच रुपये दिले, काकांच्या हातात.

"बदलून देतो म्हणाला," आत्याबाई दोनदा म्हणाल्या. कंदिलाच्या काचेचे नाव त्यांनी काढले नाही, आम्हीही काढले नाही.

पुढच्या तोड्याची भेंडी त्यांनी पिशवीत घातली आणि स्वतः नेऊन दिली. आम्ही जरा धास्तावलोच होतो. द्यायला काय, आपण देतो. पण आपल्या घरची भाजी कोण कशी घेईल, हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिले आहे. काकांनी पिशवी घेतली. शिजवली की नाही, ते विचारायला आत्याबाई गेल्या नाहीत. चार दिवसांनी काकांनीच त्यांना रस्त्यात गाठले. "मावशी, भेंडी कोवळी होती हो, पण आमच्याकडे फार चिकट झाली. तुम्ही कशी करता?"

तर त्यांनी सांगितले तेच इथे देतो.

चिकटपणा पाण्याने वाढतो. म्हणून भेंडी आधी धुवायची, फडक्याने कोरडी पुसायची, मग चिरायची. चिरून धुतली की संपले! पातेले पसरट घ्या, भेंडीची गर्दी करू नका, झाकण ठेवू नका. वाफेचे पाणी परत भाजीत पडते. मीठ शेवटी, कारण मिठाने पाणी सुटते. आणि आंबट काहीतरी हवे. आमसूल, लिंबू, चिंच, ताक, घरात असेल ते. लोखंडी तव्यावर करत असाल तर आंबट घातल्यावर भाजी काळी पडते. चवीला काही होत नाही, पण मुले नाक मुरडतात.

रोजच्या डब्यासाठी: तेलात मोहरी, जिरे, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. त्यावर भेंडीच्या चकत्या मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटे परतायच्या, तार सुटायची थांबली की दोन आमसुले, हळद, मीठ आणि मूठभर दाण्याचे कूट. भाकरीबरोबर उत्तम, आणि दुपारपर्यंत पाणी सुटत नाही.

काकांना सांगितली ती ताकातली: भेंडीचे बोटाएवढे तुकडे तेलात डाग पडेपर्यंत परतून बाजूला ठेवा. दोन वाट्या आंबट ताकाला एक चमचा बेसन लावा, हळद, मीठ, किंचित साखर. लसूण, जिरे, कढीपत्ता आणि सुक्या मिरचीची फोडणी करून त्यात ताक ओता, ढवळत राहा. उकळी फुटायच्या बेतात आली की भेंडी सोडा आणि पाच मिनिटांत उतरवा. ढवळायचे थांबलात तर ताक फाटते.

आमच्या घरातली आवडती मात्र जवळा-भेंडी. सुका जवळा कोरडा भाजून, निवडून, दोनदा धुऊन घट्ट पिळून घ्यावा. कांदा भरपूर तेलात लाल करून त्यात लसूण आणि काळा मसाला, मग जवळा, मग वेगळी परतलेली भेंडी, वर चिंचेचा कोळ. मीठ बेताने, जवळ्यात असतेच. पाव किलो भेंडीला मूठभर जवळा पुरतो, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ही भाजी राणीसारखी येते.

भेंडीत चोथा आहे, क जीवनसत्त्व आणि फोलेट आहे. गरोदर बायकांनी जरूर खावी. भेंडी रात्रभर भिजवून ते पाणी प्यायल्याने साखर जाते असे हल्ली मोबाइलवर फिरते. पाणी प्यायचे तर प्या, पण त्यावर विसंबून मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नका.

पाचही बादल्यांतल्या सगळ्यांत जोमदार झाडावरच्या दोन भेंड्या आत्याबाईंनी मुद्दाम तोडल्या नाहीत. त्या झाडावरच वाळून तडकल्या, तेव्हा काढून बी कागदाच्या पुडीत राखेत ठेवले. परभणी क्रांती हे सरळ वाण असल्याने घरचे बी चालते. संकरित पाकिटाचे बी मात्र दर वर्षी नवे घ्यावे लागते. पुड्या दोन आहेत. एकीवर आमच्या मुलाने 'घरची' असे लिहिले आहे आणि दुसरीवर 'हार्डवेअरवाले काका'.